माळ्यावरचं भाण कोणाला द्यायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६९. यजमान दोन वर्षांमागे वारले. ते शिक्षक होते. पुस्तकं आणि दिवाळी अंक जमवायचे, वर्तमानपत्रांची कात्रणं फायलींना लावायचे. सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी माळ्यावर आहेत. न्हाणीतलं पाणी तापवायचं मोठं भाण, हंडे, घागरी, समया, सगळं. खाली चार कपाटं साड्यांनी आणि भेटीदाखल आलेल्या भांड्यांनी भरली आहेत आणि अजून भरतच आहेत, कारण सेल लागला की माझा हात आवरत नाही. मुलगा बंगळुरूला, मुलगी म्हापशाला दिलेली. मुलगा म्हणतो, "आई, मला काही नको, हवं तर फोटो काढून पाठव." मुलगी नेते, पण माझं मन राखायला. नणंद म्हणते, भांडी तिच्या आईची, तिलाही वाटा हवा. गेल्या महिन्यात शेजारच्या वहिनी गेल्या. तेराव्यानंतर मुलांनी एका दुपारीत टेम्पो भरला आणि घर रिकामं केलं. भंगाराच्या ढिगात वहिनींच्या लग्नाचा फोटो होता, फ्रेमसकट. तेव्हापासून मला धड झोप नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचंही हेच होणार का? मृत्युपत्र करावंसं वाटतं, पण मुलांना वाटेल की आईचा आमच्यावर विश्वास नाही. काय करू?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी सरळ उत्तर देते. हो, काहीच केलं नाहीत तर तुमच्याही बहुतेक वस्तूंचं तसंच होईल. पण त्याचं कारण तुम्हाला वाटतं ते नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शेजारच्या वहिनींच्या मुलांना निष्ठुर म्हणू नका. ती रजा टाकून आली असणार. दिवसकार्य आटोपलं, परतीची तिकिटं काढलेली आणि समोर आईचा अख्खा संसार. कपाट उघडलं की एकेका वस्तूपाशी अडायला होतं. ही माळ सोन्याची की मुलाम्याची? हा शालू आजीचा की मावशीने दिलेला? ही समई आईने कोणाला कबूल केली होती का? या फोटोतली डावीकडची बाई कोण? ज्या माणसाला हे विचारायचं तेच गेलेलं. दोन दिवस असं अडून अडून माणूस थकतं, आणि मग कोणीतरी टेम्पोवाल्याला फोन लावतं. वहिनींचा लग्नाचा फोटो ढिगात गेला तो बहुधा कोणी मुद्दाम टाकला म्हणून नव्हे. एका खोक्यात दहा गोष्टी होत्या आणि खोकं उघडून बघण्याचं त्राण कोणात उरलं नव्हतं.

तुमच्या मुलांना वस्तूंचा तिटकारा आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. त्यांना धास्ती आहे ती तुम्ही न ठरवलेल्या गोष्टी त्यांच्या गळ्यात पडण्याची. कुठली वस्तू कोणाची, तिचं पुढे काय करायचं, हे जाणणारं त्या घरात आता एकच माणूस उरलंय. त्या तुम्ही आहात. तुम्ही ठरवून ठेवलंत तर घर भरलेलं राहिलं तरी मुलांवर ओझं होणार नाही. नाही ठरवलंत तर एक कपाटसुद्धा त्यांना जड जाईल.

तेव्हा उद्यापासून घर रिकामं करायला घेऊ नका. हल्ली म्हाताऱ्या माणसांना 'आता सगळं कमी करा' असं सांगायची पद्धत पडली आहे आणि मला ती मुळीच पटत नाही. तुम्ही ६९ वर्षांच्या आहात, त्या घरात अजून खूप राहायचं आहे. ज्या पितळी डब्यात तुम्ही साखर ठेवता तो तिथेच राहू दे. यजमानांचे सदरे अजून कपाटात असले तर असू देत. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही.

सुरुवात माळ्यापासून करा, कारण तिथल्या गोष्टींत दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला आहे. नणंदेचं म्हणणं तुम्हाला खटकलंय हे पत्रातून कळतं. पण ताई, त्या हावरेपणा करत नाहीत. गोव्यात मुलगा आणि मुलगी समान वारस आहेत. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे १८७० पासून लागू झाली तेव्हापासूनची ही रीत आहे, आणि २०१२ साली विधानसभेने केलेल्या, डिसेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या आपल्या वारसा कायद्यानेही ती कायम ठेवली. लेकीचं लग्न झालं म्हणून तिचा वाटा जात नाही. सासू-सासऱ्यांच्या मागे इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वारसांत वाटायची कोर्टातली कारवाई, झाली नसेल, आणि गावातल्या कित्येक घरांत ती पिढ्यान् पिढ्या होतच नाही, तर त्यांच्या मालमत्तेत नणंदेचा वाटा तुमच्या यजमानांइतकाच उभा आहे. इन्व्हेंटरीच्या यादीत नुसती जमीन आणि घर येत नाही. रोकड, सोनं-चांदी, घरातल्या इतर जंगम वस्तू, सगळं येतं. वारसांचं एकमत झालं नाही तर ते कोर्टात आपापसांत बोली लावतात. ज्याची बोली मोठी त्याच्याकडे ती मालमत्ता जाते आणि बाकीच्यांना वाट्याचे पैसे मिळतात. एका हंड्यापायी कोणी तिथवर जात नाही, पण हंड्यावरून सुरू झालेला अबोला घराच्या वाटणीपर्यंत पोहोचलेला मी पाहिला आहे.

म्हणून नणंदेला घरी बोलवा. चवथीची वाट बघू नका. चवथीला घरात माणसं फार असतात, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, नेवऱ्या तळायच्या असतात, आणि अशा वेळी भांडी निघाली की बोलणं कुठल्या कुठे जातं. एरवीच्या एखाद्या दिवशी दोघींनीच, कोणाला तरी माळ्यावर चढवून, सगळं खाली वसरीवर काढा. भाण पहिलं उतरवा. त्याच्या बुडाला अजून काजळी असेल, आत पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर असेल, कडेला कदाचित ठोकून बसवलेलं ठिगळ असेल. ते ठिगळ कधी बसवलं, कोणी बसवलं, हे नणंदेला ठाऊक असण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्त आहे. त्या घरात तिचं बालपण गेलं, त्या भाणातल्या ऊन पाण्याने तिची आई तिला न्हाऊ घालायची. तिला आधी निवडू द्या. खरंच सांगते, तिने भाणच मागितलं तर आनंदाने द्या. तुमच्या न्हाणीत आता गीझर आहे, आणि ते तुमच्या माळ्यावर राहिलं काय किंवा तिच्या अंगणात कमळं लावून राहिलं काय, सासूबाईंना ते तिच्या अंगणातच आवडलं असतं.

उरलेल्यातून तुम्हाला वापरायचं ते खाली ठेवा. स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई करून घ्या, नाहीतर ती नुसती शोभेची होतील. समया कुळदेवतेच्या देवळाला द्यायचा विचार असेल तर आधी देवस्थान समितीला विचारा. देवळांकडे समया खूप येतात आणि जागा थोडी असते, न विचारता नेऊन ठेवलेली वस्तू तिथेही कोठीतच पडते. शेतीची अवजारं, नारळ-काजूच्या कामाची जुनी हत्यारं, मापं, असलं काही निघालं तर ते भंगारात घालू नका. बाणावलीला व्हिक्टर ह्युगो गोम्स यांनी 'गोवा चित्र' हे संग्रहालय अशाच, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून उभं केलं. एकदा जाऊन बघा. आपल्या घरातल्या अडगळीकडे बघायची नजर बदलते.

आता कपाटं. इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. आपल्याकडे पाऊस चार महिने ठाण मांडून बसतो. बंद कपाटात ठेवलेली वस्तू आहे तशी राहते, हा समज गोव्याच्या हवेत तरी सोडून द्यावा. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीच्या रेषेवर विरते, जर काळी पडते, बुरशीचे पिवळे डाग पडतात ते जात नाहीत. लाकडी कपाटाला मागून वाळवी कधी लागली ते पुढून कळत नाही. तेव्हा लेकीसाठी, सुनेसाठी म्हणून जे जपून ठेवलंय, ते आताच त्यांच्या हाती गेलं तर नेसलं जाईल. लेकीला एकदम दहा साड्या देऊ नका, ती तुमचं मन राखायला नेते असं तुम्हीच लिहिलंय. तिच्यासमोर कपाट उघडा, "तुला खरोखर नेसायची एक काढ" म्हणा आणि ती काढेल त्यावर काही बोलू नका. तिने तुमचा महागातला शालू सोडून साधी नारायणपेठ उचलली तर तिला तुम्ही त्या साडीत आठवत असाल. बाकीच्यांचं काय करायचं ते मग मोकळेपणाने ठरवता येईल.

भेटीदाखल आलेली, खोक्यातून न काढलेली स्टीलची भांडी, डिनर सेट, चादरी मात्र बिनदिक्कत द्या. त्यांत तुमचं कोणी नाही. घरी कामाला येणाऱ्या बाईंना, गावात नवा संसार मांडणाऱ्या जोडप्याला, कोणालाही. आणि सेलबद्दल तुम्हीच कबुली दिलीत म्हणून एवढंच म्हणते की नातवंडांसाठी आता भांडी घेऊ नका. त्यांना बंगळुरूहून मे महिन्यात बोलवा आणि ते पैसे त्या दिवसांवर खर्च करा.

यजमानांच्या फायलींपाशी मी सर्वांत जास्त थांबले. शिक्षक माणसाने लावलेली कात्रणं म्हणजे विषयवार आणि तारखेसकट असणार. त्यांत गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की नाही यावरच्या १९६७च्या जनमत कौलाच्या आसपासची किंवा मराठी शाळांबद्दलची काही असतील तर त्यांना घराबाहेरही किंमत आहे. आधी एका वहीत यादी करा: फाइलचा विषय, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. ती यादी घेऊन पणजीला पाट्टोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय आहे, गोव्याशी निगडित छापील ऐवज सांभाळणं हे त्यांचं कामच आहे. सगळं घेतील असं नाही. लोकप्रिय कादंबऱ्या त्यांच्याकडे असतातच, पण जे विरळ आहे ते त्यांना दिसेल. दिवाळी अंकांचा मोह मला कळतो, माझ्याही घरात आहेत, पण सुटे अंक फारसं कोणी घेत नाही. ज्या गावात मराठी शाळा किंवा वाचनालय जिवंत आहे तिथे विचारून निवडक द्या. माळ्यावर जुन्या मोडी कागदांचं बाड निघालं तर ते आधी कोरड्या जागी हलवा आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात दाखवा. त्यात तुमच्या जमिनीचा दाखलाही असू शकतो.

मृत्युपत्राबद्दल तुम्हाला जी भीती वाटते तिच्यामागे एक गैरसमज आहे. गोव्यात आई-बाप मृत्युपत्राने मुलांना सहसा पूर्ण डावलू शकत नाहीत. तुमचं लग्न इथे नोंदलेलं असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते आणि तिचा अर्धा हिस्सा आधीपासूनच तुमचा आहे. यजमानांचा अर्धा त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल तर दोन्ही मुलांना सारखा जातो. तुमच्या स्वतःच्या अर्ध्यापैकीही निम्म्याबद्दलच तुम्ही मनाप्रमाणे ठरवू शकता, उरलेला निम्मा कायद्यानेच मुलांसाठी राखलेला असतो. म्हणजे मुलांचा वाटा सुरक्षित आहेच. तुमचं मृत्युपत्र सांगेल ते एवढंच की तुमच्या हातात जो भाग आहे त्याचं काय व्हावं, घर कोणाकडे असावं, देवघर कोणी सांभाळावं. यात अविश्वास कुठे आला? उलट, मुलांना विश्वासात घेऊनच करा. दोघांना एकत्र फोनवर घ्या आणि काय लिहिणार आहात ते आधी वाचून दाखवा.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. गोव्यात मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर करावं लागतं. ते काम सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होतं. देशात इतरत्र घरी कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या तरी चालतं, ते ऐकून कोणी तुम्हाला तसा सल्ला दिला तर ऐकू नका. आणि हयातीत एका मुलाला दिलेली मोठी भेट पुढे वाटणीच्या वेळी त्याच्या हिशेबात धरली जाऊ शकते. लेक जवळ आहे म्हणून पाटल्या तिला देणार असाल तर मुलाला आजच सांगा. त्याला सोनं नको असेल, पण आपल्याला कळवलं नाही हे त्याला लागेल.

बँकेचं काम थोडक्यात. खात्यावर नॉमिनी आहे म्हणजे पैसा नॉमिनीचा झाला असं नाही. नॉमिनीने तो वारसांच्या वतीने घ्यायचा असतो. विम्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाच्या कायद्यानुसार हे १९८३ सालीच सांगितलं होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींच्या खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात, तेव्हा दोन्ही मुलांची नावं लावून टाका. यजमानांची एखादी जुनी ठेव राहून गेली असेल असं वाटलं तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर मुलाला शोधायला सांगा. दहा वर्षं कोणी न विचारलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात, पण वारस पुढे आला तर पैसे मिळतात.

आणि आता तुमच्या मुलाचं ते वाक्य: "फोटो काढून पाठव." तुम्ही ते झटकून टाकल्यासारखं लिहिलंय. मी ते वेगळं वाचते. त्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पलंग मावणार नाही, हे त्याला आणि तुम्हालाही ठाऊक आहे. तरी तो काहीतरी मागतोय. त्याला खरंच पाठवा. समईचा एक फोटो काढा आणि तिच्याखाली व्हॉट्सॲपवर तुमच्या आवाजात सांगा की ही कोणाच्या लग्नात आली, कुठल्या सणाला पेटायची, आजीच्या काळात तिने काय काय पाहिलं. दिवसाला एक वस्तू पुरे. लेकीलाही तेच पाठवा आणि नणंदेलाही. बघा, यातलं काही ना काही कोणीतरी मागेलच, कारण कशाचं काय ते आता त्यांना कळलेलं असेल.

कागदावरच्या जुन्या फोटोंना मात्र फक्त मोबाइल पुरणार नाही. फोटो उलटा करा आणि मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, दाब न देता, नाव, गाव आणि आठवेल ते साल लिहा. बॉलपेन नको. त्याची रेघ पुढच्या बाजूला उमटते आणि दमटपणात शाई पसरते. ऐंशीच्या दशकानंतरच्या रंगीत फोटोंची मागची बाजू गुळगुळीत असते, तिथे पेन्सिल लागत नाही, ते वेगळ्या पाकिटात घालून पाकिटावर लिहा. "काकू" किंवा "आमची मंडळी" असं लिहू नका. तुमच्या काकू तुमच्या नातीच्या कोण, ते तिला कसं कळणार? पूर्ण नाव लिहा, माहेरचं गाव लिहा. नणंद भांडी बघायला येईल त्याच दिवशी फोटोंचा डबाही बाहेर काढा. सासरकडचे अर्धे चेहरे तुम्हाला ओळखता येणार नाहीत, तिला येतील. सगळ्या कामांत हे काम सर्वांत आधी करा असं मी म्हणेन. भांडी कोणालाही वाटता येतील, पण फोटोतली नावं तुम्हा दोघींनाच सांगता येतील.

वकिलाकडे जाताना लग्नाचा दाखला, यजमानांचा मृत्यूचा दाखला, घर आणि जमिनीचे एक-चौदाचे उतारे आणि बँकेची पासबुकं सोबत घ्या. सासऱ्यांच्या मागे इन्व्हेंटरी किंवा सक्सेशन डीड (वारस कोण ते नोंदवणारा दस्त) झालं होतं का, हा पहिला प्रश्न तेच विचारतील. नणंदेशी बोलणं झालं की काय ठरलं ते मला जरूर कळवा. याच पेचात सापडलेल्या आणखी काही जणींची पत्रं माझ्यापुढे आहेत, आणि तुमची हरकत नसेल तर तुमचं नाव-गाव न देता मी ते त्यांना सांगेन.